ताऱ्यांच्या गर्दीत हरवलेला मृग

ऑक्टोबरमधल्या अमावास्येच्या रात्री माळरानावर चार तास घालवून आणलेले छायाचित्र मी दुसऱ्या दिवशी आईला संगणकाच्या पडद्यावर दाखवले. आईला आकाश चांगले वाचता येते. मृग, रोहिणी, कृत्तिका, सप्तर्षी हे सगळे लहानपणी तिनेच मला बोटाने दाखवलेले आहे. तिने चष्मा सारखा केला, पडद्याजवळ वाकून थोडा वेळ शोधले आणि ती म्हणाली, "तारे पुष्कळ आलेत गं, पण यात मृग कुठाय?"

मी लगेच बोट ठेवायला गेले आणि माझेही बोट क्षणभर अडखळले. मृगाचे सगळे तारे चित्रात होते, फोकस ठीक होता, झाडही नीट आले होते. पण त्या चार पायांच्या आणि तीन ताऱ्यांच्या बाणाच्या अवतीभोवती शेकडो ठिपके असे दाटले होते की आकृतीच उरली नव्हती. नुसत्या डोळ्यांना जी आकृती शोधावीही लागत नाही, ती महागड्या लेन्सने आणि तिपाईवर घट्ट बसवलेल्या कॅमेऱ्याने पुसून टाकली होती. पुढचा सबंध महिना मी जे केले, ते ती आकृती परत मिळवण्यासाठी केले.

मृगाची निवड मी विचारपूर्वक केली होती. तारकासमूह निसर्गदृश्याबरोबर टिपायचा तर तो क्षितिजाजवळ असताना टिपावा लागतो, म्हणजे तो नेमका कुठे आणि केव्हा उगवतो हे आधी ठाऊक असले पाहिजे. या बाबतीत मृगासारखा सोयीचा दुसरा समूह नाही. त्याचा मधला बाण, म्हणजे त्रिकांडाचे तीन तारे, खगोलीय विषुववृत्ताला, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेला, जवळजवळ चिकटून आहेत. त्यामुळे पृथ्वीवर जवळपास कुठूनही पाहिले तरी ते बरोबर पूर्वेला उगवतात. समोर पूर्व मोकळी असली की जागेचा निम्मा प्रश्न सुटतो. शिवाय मृगाचे तारे ठळक आहेत आणि त्यांत रंगांचा स्वच्छ फरक आहे: काक्षी, म्हणजेच बीटलजूस, हा तांबूस राक्षसी तारा एका कोपऱ्यात आणि राजन्य, म्हणजेच रायजेल, हा निळसर पांढरा तारा समोरच्या कोपऱ्यात. दोघांमधले अंतर सुमारे १८ अंश आहे. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते, म्हणजे मृग जेमतेम दोन मुठींचा. वृश्चिकाचा विचार मी आधी केला होता, कारण त्याची आकडेदार शेपटी डोळ्यांना फार सुंदर दिसते; पण तो आकाशगंगेच्या ऐन गर्दीच्या पट्ट्यात आहे आणि तिथे आकृती वेगळी काढणे आणखी कठीण झाले असते. सप्तर्षी मृगापेक्षा अधिक पसरलेले आहेत.

जागा मी दिवसा जाऊन हेरली होती. वस्तीचा उजेड पाठीमागे, पश्चिमेला राहील आणि पूर्वेला काळोख मिळेल, अशा बेताने एक माळरान निवडले. मधोमध एकटे झाड, त्यामागे हलका चढ आणि उजवीकडे उतरत गेलेली टेकडी. अशी झाडे सगळ्यांनाच आवडतात, म्हणून ते चित्र शिळे वाटेल की काय, अशी शंका मला आली होती. तरीही ते झाड ठेवले, कारण तारकासमूहाला मोजमाप देणारी काहीतरी ओळखीची वस्तू खाली असावीच लागते. नुसत्या क्षितिजाच्या रेषेवरून आकाश किती मोठे आहे हे कळत नाही.

पहिल्या रात्री माझ्याजवळ २४ मिलिमीटरची लेन्स होती. ती पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर आडवे साधारण ७४ अंश आणि उभे ५३ अंश आकाश घेते. बाणाचे तारे साडेनऊच्या सुमारास उगवले आणि अकराच्या आसपास मृग झाडाशेजारी वर आला. अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचे माप) एफ २.८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० आणि एक्स्पोजर (प्रकाश साठवण्याचा वेळ) २० सेकंद, असे आकडे मी ठरवून नेले होते. त्यामागे "पाचशेचा नियम" होता: ५०० ला लेन्सच्या फोकल लांबीने भागले की येईल तितके सेकंद शटर उघडे ठेवावे, तेवढ्या वेळात तारे रेघ ओढत नाहीत, असे सांगतात. ५०० भागिले २४ म्हणजे जवळजवळ २१, म्हणून २० सेकंद.

घरी येऊन चित्र शंभर टक्के मोठे करून पाहिले तेव्हा या नियमाची किंमत कळली. बाणाचे तीनही तारे आखूड तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट आले होते. हिशेब मग मी स्वतः केला. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश एका सेकंदात १५ विकला सरकते (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा. २४ मिलिमीटर लेन्सवर तो आकाशातल्या सुमारे ५२ विकला व्यापतो. म्हणजे साडेतीन सेकंदांत तारा एक पिक्सेल ओलांडतो आणि २० सेकंदांत जवळजवळ सहा. फिल्मच्या काळात, छोट्या छपाईसाठी, हे चालून गेले असेल. आजच्या पडद्यावर चालत नाही. त्यातही मृग विषुववृत्तावर असल्यामुळे त्याची चाल सर्वांत जलद आहे. ध्रुव ताऱ्याजवळच्या समूहांना त्याच २० सेकंदांत कितीतरी कमी रेघ आली असती. जो नियम सगळ्या आकाशाला एकच आकडा लावतो, त्याच्यावर मी तरी पुन्हा विसंबले नाही.

मात्र लांबट तारे ही दुय्यम अडचण होती. आकृती हरवण्याचे कारण वेगळे होते. ताऱ्यांची तेजस्विता प्रतींत मोजतात; आकडा जितका लहान तितका तारा ठळक. पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात शंभर पटींचा फरक. राजन्य जवळजवळ शून्य प्रतीचा आहे, बाणाचे तारे दुसऱ्या प्रतीच्या आसपासचे आणि काळोख्या आकाशात निरोगी डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. डोळा हा फरक जपतो: ठळक तारा ठळक वाटतो, अंधूक तारा पाठीमागे राहतो आणि मन त्या ठळकांनाच जोडून आकृती करते. कॅमेरा २० सेकंद प्रकाश साठवतो. त्यात राजन्याचा ठिपका पहिल्या काही क्षणांतच भरून पांढरा होतो आणि त्यानंतर कितीही प्रकाश आला तरी तो पांढऱ्यापेक्षा अधिक पांढरा होऊ शकत नाही. तेवढ्यात चौथ्या-पाचव्या प्रतीचे तारेही भरत येतात आणि डोळ्याला कधी न दिसलेले आठव्या प्रतीचे तारेसुद्धा ठिपके होऊन उभे राहतात. लेन्स जितकी चांगली, तितका प्रत्येक तारा बारीक टिंबात आवळला जातो. मग शंभर पट तेजस्वी ताऱ्याचे टिंब आणि त्याच्या शेजाऱ्याचे टिंब यांत फरक राहत नाही. रंगही जातो, कारण काठोकाठ भरलेला पिक्सेल पांढराच असतो. काक्षी तांबूस आहे हे माझ्या चित्रावरून कोणी सांगितले नसते.

एक्स्पोजर कमी केले तर अंधूक तारे घटतील, हे खरे. पण त्याबरोबर झाडही काळे ठिक्कर होते आणि आकाशाचा पोतही जातो. नंतर संगणकावर ठळक तारे हाताने मोठे करता येतात, हेही मला ठाऊक होते. ते मला नको होते. चित्रातला तारा किती मोठा दिसावा हे त्याच्या स्वतःच्या प्रकाशाने ठरावे, माझ्या कुंचल्याने नव्हे, असा माझा हट्ट होता.

चार रात्रींनी पुन्हा गेले. चंद्रकोर मृग उगवण्याआधीच मावळली होती. या वेळी ५० मिलिमीटरची लेन्स नेली, कारण मृगाला चौकटीत मोठे स्थान मिळाले तर गर्दी आपोआप कमी होईल असे वाटले. ही लेन्स उभी धरली की रुंदीत २७ अंश आणि उंचीत सुमारे ४० अंश येतात; दोन मुठींचा मृग त्यात मोकळेपणाने बसतो. पण लेन्स बदलली की जमिनीचे सगळे गणितही बदलते, हे मला तिथे उभे राहिल्यावर लक्षात आले. पूर्वी मी झाडापासून १५ पावलांवर होते. आता झाड चौकटीबाहेर जाऊ लागले, म्हणून मागे मागे सरकत सुमारे ५० मीटरवर गेले. तिथून दहा मीटर उंचीचे झाड साधारण ११ अंश व्यापते, म्हणजे मृगाच्या निम्म्याहून थोडे अधिक, आणि हे प्रमाण डोळ्यांना पटले. मागे जाण्याचा दुसरा लाभही झाला. ५० मिलिमीटर लेन्स एफ २.८ वर ताऱ्यांवर फोकस केली की सुमारे ३० मीटरच्या अलीकडची वस्तू धूसर होते. १५ पावलांवरचे झाड आणि तारे एकाच वेळी स्पष्ट आलेच नसते.

फोकसविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण तिथे मी सर्वांत अधिक वेळ घालवला. अंधारात ऑटोफोकस चालत नाही आणि लेन्सच्या कड्यावरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवता येत नाही. पुष्कळ लेन्स त्या खुणेच्या किंचित पलीकडेही फिरतात. त्यामुळे लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे थेट दृश्य, दहापट मोठा करून एखादा ठळक तारा मध्यभागी आणायचा आणि कडे केसभर इकडे-तिकडे फिरवत राहायचे. तारा आधी फिकट वर्तुळ असतो, मग आवळत जातो, एका ठिकाणी टोकदार टिंब होतो आणि त्याच क्षणी आजवर न दिसलेले दोन-तीन बारीक तारे शेजारी उगवतात. ते बारीक तारे दिसू लागणे हीच खरी खूण. मग कड्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. त्या रात्री चिकटपट्टी लावताना माझा अंगठा घसरला आणि कडे हलले, म्हणून सगळे पुन्हा करावे लागले. लाल विजेरी दातांत धरून, कारण पांढऱ्या उजेडाने डोळे एकदा दिपले की अंधाराला पुन्हा सरावायला २० ते ३० मिनिटे जातात.

पाचशेचा नियम सोडून दिला होता. ५० मिलिमीटरवर पाच सेकंदांत तारा तीन पिक्सेल सरकतो; तेवढे मी मान्य केले. पाच सेकंदांच्या एका चित्रात कण, म्हणजे नको असलेला दाणेदारपणा, फार येतात, म्हणून अशी पुष्कळ चित्रे घेऊन ती संगणकावर एकमेकांवर रचायची होती. रचलेल्या चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कण कमी होतात; २५ चित्रे रचली की ते एक पंचमांश उरतात. रिमोटवर कार्यक्रम लावला आणि मी सतरंजीवर बसून राहिले. वारा पूर्ण पडला होता. गवत ओले लागू लागले होते, पण मला त्याचा अर्थ उमगला नाही.

पाऊण तासाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले तर दुधासारखा पांढरा धुरकटपणा. लेन्सच्या काचेवर दव धरले होते. विजेरी तिरकी धरून पाहिली: काचेवर बारीक थेंबांची सलग साय, मधोमध दाट, कडेला विरळ. मी स्वतःवर इतकी चिडले की काच पुसण्याचेही भान राहिले नाही. सामान आवरले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी चित्रे टाकून देण्यापूर्वी ती छोट्या चौकोनांत एकाखाली एक मांडून पाहिली, आणि एका ओळीवर थबकले. सुरुवातीची चित्रे स्वच्छ होती आणि त्यांत नेहमीप्रमाणे मृग शोधावा लागत होता. शेवटची पांढरी फटक होती. पण मधली सात-आठ चित्रे, दव नुकते धरू लागले तेव्हाची, टिकलीएवढ्या आकारातही मृग होती! काक्षीभोवती नारिंगी वलय, राजन्याभोवती निळसर, बाणाचे तीन तारे तीन स्वच्छ गोळे आणि बाकीचे शेकडो तारे पाठीमागे, आपल्या जागी. आईला दाखवले. या वेळी ती वाकलीही नाही. लांबूनच म्हणाली, "हा बघ आला."

असे का झाले, हे कळायला फार वेळ लागला नाही. काचेवरच्या सूक्ष्म थेंबांनी प्रत्येक ताऱ्याच्या प्रकाशाचा थोडासा भाग आजूबाजूला विखुरला. अंधूक ताऱ्याचा विखुरलेला भाग इतका क्षीण की तो आकाशात विरून गेला. ठळक ताऱ्याचा मात्र वलय म्हणून दिसण्याइतका भरला. म्हणजे टिंबाच्या आकारात लपलेला शंभर पटींचा फरक पसरटपणात बाहेर आला. आणि वलयातले पिक्सेल काठोकाठ भरलेले नसल्यामुळे ताऱ्याचा खरा रंग तिथे टिकला. जपानचे छायाचित्रकार आकिरा फुजी यांची तारकासमूहांची चित्रे मी पूर्वी पाहिली होती. त्यांत ठळक तारे रंगीत गोळ्यांसारखे फुललेले असतात. तो परिणाम लेन्सपुढे धरलेल्या पसरक काचेचा असतो, हे मी वाचलेही होते, पण ते मला सजावट वाटले होते. चित्र सुंदर दिसावे म्हणून केलेली ती युक्ती नसून डोळ्याने ठेवलेली प्रतवारी परत आणण्याचा तो उपाय आहे, हे दवाने शिकवले.

दवाच्या भरवशावर चित्र काढता येत नाही, म्हणून डिफ्यूजन फिल्टर, म्हणजे तशी पसरक काच, आणला. हे फिल्टर कमी-अधिक ताकदीचे मिळतात. माझा पहिला अंदाज चुकला. पोर्ट्रेटसाठी वापरतात त्यातला जोरकस फिल्टर लावून गच्चीवरून मृग टिपला तर राजन्य दिव्याच्या ग्लोबएवढा झाला. प्रकाश ठराविक कोनात विखुरतो, त्यामुळे लेन्स जितकी लांब तितके वलय चित्रात मोठे येते. २४ मिलिमीटरवर बेताचा वाटणारा फिल्टर ५० वर अति होतो. अखेर त्याच्या निम्म्या ताकदीचा घेतला.

फिल्टरचा एक दोष मात्र पहिल्याच चाचणीत दिसला. तो ताऱ्यांना फुलवतो तसाच जमिनीलाही पुसट करतो. आकाशाचा उजेड झाडाच्या फांद्यांवर सांडतो आणि बारीक डहाळ्या विरघळल्यासारख्या दिसतात. म्हणजे आकाश फिल्टरसह आणि जमीन फिल्टरशिवाय घ्यायची, आणि दोन्हींच्या मध्ये कॅमेरा तसूभरही हलता कामा नये.

नोव्हेंबरच्या अमावास्येला सगळी तयारी करून गेले. तारे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात, महिन्यात दोन तास. त्यामुळे बाण आता साडेसातलाच उगवणार होता. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या प्रोग्रामवर ५० मिलिमीटरची चौकट लावून मी सगळा क्रम आधीच पाहिला होता: नऊच्या सुमारास बाण २० अंशांहून थोडा वर येईल, मृग आडवा पडलेला असेल, काक्षी डावीकडे आणि राजन्य उजवीकडे. आपल्या कथेत त्रिकांड हा व्याधाने मारलेला बाण आहे, आणि उगवताना तो जवळजवळ उभा, क्षितिजाकडे रोखलेला दिसतो. त्याच दिशेला साधारण दीड तासाने व्याध स्वतः, म्हणजे त्याच नावाचा तारा, वर येतो. ग्रीकांनी याच ताऱ्यांत शिकारी पाहिला, आपण शिकार पाहिली. मला ही मांडणी चौकटीसाठी अधिक पटते, कारण तिच्यामुळे चित्राचे लक्ष खाली जमिनीकडे जाते.

या वेळी लेन्सभोवती उष्णता देणारा पट्टा गुंडाळला होता. काच हवेपेक्षा किंचित उबदार राहिली की दव धरत नाही. तेवढेच त्याचे काम. जास्तीची बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत. तिपाईचे पाय गवत बाजूला सारून मातीत दाबले आणि मधल्या आकड्याला दगडांची पिशवी टांगली.

आधी जमीन घेतली: फिल्टर न लावता, आयएसओ १६००, दोन-दोन मिनिटांची तीन चित्रे. उजेड कसलाही टाकला नाही. विजेरीने झाड उजळून घेण्याची पद्धत आहे, पण त्याने झाड मंचावर उभे केल्यासारखे दिसते. केवळ ताऱ्यांच्या आणि आकाशाच्या मंद प्रकाशात दोन मिनिटांत जेवढे आले तेवढे पुरेसे होते; गवताचा पोत, खोडाची एक बाजू, टेकडीचा उतार. मग आकाशाची २५ चित्रे फिल्टरशिवाय, आयएसओ ६४००, प्रत्येकी पाच सेकंद. त्यानंतर फिल्टर बसवायचा होता, आणि मला सर्वांत भीती याचीच होती. आटे फिरवताना फोकसचे कडे हलेल म्हणून चौकटीत सरकवायचा फिल्टर घेतला होता. श्वास रोखून तो खाली सरकवला. श्वास रोखण्यात नाट्य नव्हते, थंडीत तोंडाची वाफ काचेवर बसली असती. एक चित्र घेऊन झाडाचा शेंडा आधीच्या चित्राशी ताडून पाहिला. जागचा हलला नव्हता. मग फिल्टरसह २५ चित्रे. त्यातल्या दोन चित्रांतून एक उपग्रह तिरकी रेघ ओढून गेला.

चित्रे रचण्यासाठी मी सिक्वेटर हा प्रोग्राम वापरला. आकाश आणि जमीन वेगळी ओळखून तारे एकमेकांवर बसवण्याचे काम तो चांगले करतो. प्रत्येक पिक्सेलसाठी २५ चित्रांतले सर्वसाधारण मूल्य ठेवायचे आणि एखाद-दोन चित्रांतच दिसलेले उपरे मूल्य गाळून टाकायचे, अशी व्यवस्था निवडली की उपग्रहाची रेघ नाहीशी होते. फिल्टरशिवायचे आकाश खाली ठेवले आणि फिल्टरचे आकाश त्यावर निम्म्या जोराने चढवले. तारे फुलले, पण टोकदार गाभाही राहिला. फांद्यांची कड सांधायला दोन संध्याकाळी गेल्या. तिथे आजही एका डहाळीभोवती फिकट कडा आहे, मला ती दिसते, इतरांना सहसा दिसत नाही. मृग मोठ्या लेन्सने वेगळा टिपून झाडावर चिकटवला असता तर हे सगळे वाचले असते, आणि तसे करणारे पुष्कळ आहेत. पण मग झाड आणि मृग यांचे जे प्रमाण मी ५० मीटर मागे सरकून मिळवले, ते खोटे ठरले असते.

चित्र मोठ्या कागदावर छापून आईपुढे ठेवले. तिने मृगावर लगेच बोट ठेवले, काक्षी ओळखला, बाणावरून बोट खाली नेत टेकडीपर्यंत आणले आणि तिथे थांबली. "आणि व्याध? बाण इथे रोखलाय, मग व्याध कुठाय?"

मी सुटी चित्रे पुन्हा उघडून पाहिली. फिल्टरसह घेतलेल्या शेवटच्या दोन चित्रांत, उजव्या कोपऱ्यात टेकडीच्या कडेला, एक लालसर हिरवट ठिणगी होती. व्याध नुकता वर येत होता. पंचवीसपैकी दोनच चित्रांत दिसला म्हणून प्रोग्रामने त्याला उपग्रहासारखाच उपरा ठरवून गाळला होता. आईला हे सगळे समजावून सांगितले.

"मग दहा मिनिटं थांबायचंस ना," ती म्हणाली.